सालोमीआत्या निघाली!

"फ्लॉसी, तुझ्या बाबांना अर्ध्या तासात खिशात टाकतो की नाही बघ!" जेम्सने छाती ठोकून सांगितलं.

ज्याला स्वतःच्या खिशातला रुमाल वेळेवर सापडत नाही, त्याने होणाऱ्या सासऱ्याला खिशात टाकायची भाषा करावी, हे ऐकून फ्लॉसीला हसू आलं. पण ती शाळामास्तरीण होती. हसू गिळायची तिला सवय होती.

"बाबा सोपे नाहीत हं," ती म्हणाली. "आतापर्यंत तीन स्थळं परत पाठवलीयत. एकाचं हसणं आवडलं नाही म्हणून, एक चहा फुरके मारत प्यायला म्हणून."

"आणि तिसरा?"

"तिसऱ्याने विचारलं, क्लॅरिनेट म्हणजे पिपाणीच ना!"

हे ऐकून जेम्स उडालाच. कारण फ्लॉसीचे वडील व्हॅलेरियन हे वटारच्या जुन्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. होळी गावचा माणूस, पण बँडसाठी सायकल मारत वटारला यायचा. तो बँड मोडून आता पंचवीस-सव्वीस वर्षं झाली होती, तरी व्हॅलेरियनबाबांची क्लॅरिनेट कपाटात मखमलीत निजलेली असायची आणि दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तिला तेलपाणी व्हायचं.

"वटारचा बँड? अगं, तो तर माझा जीव होता!" जेम्स ओरडला. "त्याचं एकेक गाणं मला पाठ आहे!"

"मग बाबांशी तेवढंच बोल. फक्त एक लक्षात ठेव. बँड का मोडला ते विचारू नकोस. त्यांचा अजून संताप होतो."

"नाही विचारणार. सोड माझ्यावर!"

आता या जेम्सची थोडी ओळख करून द्यायला हवी. वय एकतीस, फोर्टातल्या विमा कचेरीत कारकून, स्वभावाने भला, आणि कुठलंही काम अर्धं ऐकून पूर्ण करायला धावणारा. त्याचं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वटारला तो यायचा फक्त मे महिन्यात, सालोमीआत्याकडे. आईवडील गेल्यावर तो कायमचा आत्याकडेच राहायला आला. तेव्हा वटारच्या बँडची 'एकेक गाणं पाठ' म्हणजे, पाच वर्षांचा असताना एका मे महिन्यात ऐकलेलं एकच गाणं त्याला आठवत होतं. पण ते असं आठवत होतं की काय सांगावं!

हळू चालीचं, गोड गाणं. क्लॅरिनेट वर वर चढायची आणि ढोल अगदी जपून पडायचा, धप्‌... धप्‌... जेम्स काकाच्या खांद्यावर बसलेला. रस्ताभर माणसंच माणसं, सगळी धुतलेल्या कपड्यांत. भर दिवसा प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती! पुढे फुलांनी झाकलेली गाडी. आत्या रडत होती, पण लग्नात बायका रडतातच. नंतर सगळ्यांना चहा आणि बिस्किटं मिळाली. जेम्सने पाच खाल्ली. इतकं देखणं लग्न त्याने पुन्हा कधी पाहिलं नाही. नवरानवरी मात्र त्याला काही केल्या आठवत नव्हती.

पुढे आत्याच्या तोंडूनही त्याने त्या गाण्याची तारीफ ऐकली होती. पायरीवर तांदूळ निवडत बसली की ती शेजारच्या मेरीबायला सांगायची, "आपल्या बँडचं ते गाणं गो! फादरांच्या कपाटात त्याची टेप आहे म्हणतात. ते वाजलं की सालोमी निघाली म्हणून समजा!"

जेम्स घरातून ऐकायचा आणि गालात हसायचा. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी, पण गाणं वाजलं की नाचायला निघाली! वा रे आत्या!

एवढ्या तयारीवर त्याने बेत आखला. व्हॅलेरियनबाबा, त्यांची बायको अँजेलिना आणि फ्लॉसी जानेवारीतल्या एका रविवारी घर बघायला येणार होते. टांगा वळणावर आला की त्यांना त्यांचाच बँड ऐकू यायला हवा! जेम्स फादरांकडे गेला. पूर्वीच्या एका परदेशी फादरांनी स्पूलच्या मशीनवर भर रस्त्यात वाजणारा बँड टेप करून ठेवला होता, तो मागून आणला. कचेरीतल्या एका हौशी मित्राने तो कॅसेटवर उतरवून दिला. उतरवताना पहिला तुकडा ऐकला मात्र, जेम्सच्या डोळ्यांना धारच लागली. तेच गाणं! तीच क्लॅरिनेट! त्याला काकाच्या खांद्याचा घामट वास आला, बिस्किटांची चव आली.

"पुढचं ऐकायचं नाही?" मित्राने विचारलं.

"नको. पुढचं त्यांच्याबरोबरच ऐकणार!"

हाच तो क्षण. इथेच त्याने पुढचं ऐकलं असतं, तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

मेरीबायचा मुलगा मस्कतला होता. त्याने पाठवलेला टेपरेकॉर्डर जेम्सने रात्रीपर्यंतच्या बोलीवर मागून आणला. "काय लावणार रे?" मेरीबायने विचारलं. "गंमत आहे, कळेल!" जेम्स म्हणाला. निर्मळच्या जत्रेला लाउडस्पीकर लावणाऱ्या आत्मारामने दोन भोंगे आणून अंगणातल्या नारळाला बांधले आणि तो दुसऱ्या कामाला निघून गेला.

आत्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचा पाय सुजला होता म्हणून गेले दोन आठवडे ती घराबाहेर पडली नव्हती, दोन रविवार चर्चलाही गेली नव्हती. गावात सगळे विचारत होते, "सालोमी बरी आहे ना?" आज तिला बरं वाटत होतं. पाहुण्यांसाठी ती मागच्या पडवीत मैद्याचे गोल फुगे तळत बसली होती. उजवा कान तिचा साफ गेलेला, डावा मर्जीनुसार चालायचा, आणि कढईचा आवाज त्यात भर.

चार वाजले. जेम्सने बटण दाबलं.

धप्‌... धप्‌... आणि क्लॅरिनेट वर चढली. वाड्यांतून, केळीच्या बागांतून, विहिरींवरून गाणं गेलं. ज्यांचे केस पिकायला लागले होते ते सगळे वटारकर होते तिथे थांबले. पाणी लावणाऱ्याने मोट... नाही, आता पंप आले होते, त्याने पंप बंद केला. पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवले.

"सालोमी निघाली!" कोणीतरी म्हणालं.

आणि सगळ्यांनी छातीवर क्रूस केला.

कारण ते गाणं लग्नाचं नव्हतंच. ते मयतीचं होतं! घरापासून चर्चपर्यंत, चर्चपासून दफनभूमीपर्यंत पुरावं म्हणून मुद्दाम लांबलचक बांधलेलं. त्यावर गावातली एक अख्खी पिढी पोचवली होती.

जेम्सला काय त्याचं! तो पायरीवर उभा राहून ताल धरत होता. एवढ्यात फाटकातून मेरीबाय धावत आली. डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी. तिने जेम्सला मिठीच मारली.

"जेम्स! गेलं रे सगळं!"

"गेलं ना मेरीबाय!" जेम्सनेही तिला थोपटलं. "ते दिवस काही परत यायचे नाहीत."

"किती गोड होती रे!"

"होती काय म्हणता? ऐका ना, अजून तशीच आहे!" जेम्स गाण्याच्या धुनेबद्दल बोलत होता.

मेरीबायने त्याच्याकडे कळवळून पाहिलं. पोराच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसत होता. तोवर मागून फ्रान्सिसकाका आले, गावातले वडीलधारे, सगळ्या मयतीत पुढे असणारे. त्यांनी जेम्सच्या खांद्यावर हात ठेवला.

"कधी झालं?"

"आत्ता चारच्या ठोक्याला सुरू झाली, काका."

"शेवटी त्रास झाला का फार?"

जेम्सला वाटलं, काका टेपबद्दल विचारताहेत. जुन्या माणसाला यंत्राची एवढी काळजी! "सुरुवातीला थोडी घरघर होती," तो म्हणाला, "पण नंतर एकदम साफ!"

"सुटली बिचारी. आत आहे का?"

"हो, आतल्या खोलीत ठेवलीय."

"बघून येऊ?"

"नको, नको! गर्दी नको. कोणाचा हात लागला तर पंचाईत. फार नाजूक आहे."

"बरं. उद्यापर्यंत ठेवणार ना? लांबचे लोक यायचे असतील."

"छे! रात्रीच परत करायचीय. जिथून आणली तिथे!"

"खरं आहे रे पोरा," फ्रान्सिसकाकांनी सुस्कारा सोडला. "जिथून आलो तिथेच परत जायचं सगळ्यांना."

आणि डोळे पुसत ते आंब्याखाली बाकं मांडायला गेले.

पाहता पाहता अंगण भरलं. चर्चच्या घंटेवाल्यानेही गाणं ऐकलं होतं. त्याने मयतीची घंटा सुरू केली. घंटा ऐकून शेजारच्या वाड्यांतले लोक निघाले. निर्मळहून फुलवाले नरहरी स्कूटर दामटत आले, मागच्या सीटवर शेवंतीचं भलंमोठं चक्र बांधलेलं. आत्या आणि ते यांचा वीस वर्षांचा फुलांचा व्यवहार आणि तेवढ्याच वर्षांचं भांडण.

"चांगली बाई," नरहरी चक्र सोडवत म्हणाले. "एक शेवंती सुकलेली असली तर पाटीच परत पाठवायची. आता कोण पाठवणार?"

जेम्सला यातलं काही ऐकू गेलं नाही. तो फक्त गर्दी बघत होता आणि त्याचा ऊर भरून येत होता. एका गाण्याने गाव लोटलं! लोक फुलं घेऊन आलेत! बायका तर हमसून हमसून रडताहेत! त्याने आत जाऊन आवाज आणखी मोठा केला.

नेमका तेव्हाच होळी गावचा टांगा वळणावर आला.

व्हॅलेरियनबाबांनी गाणं ऐकलं, टांगा थांबवला आणि डोक्यावरची हॅट काढली. मग तिघंही टांग्यातून उतरून चालत निघाली. मयतीच्या घरी टांग्याची घंटी वाजवत जात नाहीत. अँजेलिनाने येता येता वाटेवरच्या माणसाला विचारलं, "कोण?"

"जेम्सची आत्या."

"अरे देवा! आणि आपण मिठाई घेऊन आलो!" तिने मिठाईची पेटी पदराखाली लपवली.

फाटकात त्यांना सामोरा आला तो जेम्स. नवा शर्ट, केसांना तेल, आणि तोंड कानापर्यंत पसरलेलं!

"या, या! कसं वाटतंय?"

आत्या मेली आणि हा दात काढतोय! व्हॅलेरियनबाबांनी फ्लॉसीकडे बघितलं. हसणं न आवडल्यामुळे ज्याला त्यांनी परत पाठवलं होतं तो या माणसापुढे साधुसंत वाटत होता. फ्लॉसीने डोळ्यांनी जेम्सला खूप काही विचारलं, पण जेम्सला ते प्रेम वाटलं.

"तुमच्यासाठीच ठेवलं होतं बाबा!" तो म्हणाला. "म्हटलं, तुम्ही यायला आणि ही निघायला एकच गाठ पडली पाहिजे!"

"माझ्यासाठी?" व्हॅलेरियनबाबा एक पाऊल मागे सरले.

एवढ्यात मागच्या पडवीचं दार उघडलं. लाल लुगडं, तोंड मैद्याने पांढरंफटक, हातात तेल निथळणारा झारा, अशी सालोमीआत्या लंगडत पुढच्या पायरीवर येऊन उभी राहिली. डाव्या कानाने शेवटी काम केलं होतं. तिने अंगणातली गर्दी पाहिली, नरहरीचं चक्र पाहिलं, घंटा ऐकली आणि तिचा चेहरा पडला.

"अगो बाई!" ती म्हणाली. "कोण गेलं गो?"

मेरीबायने जी किंकाळी फोडली ती निर्मळपर्यंत गेली असेल. दोन बायका बाकासकट उलथल्या. घाबरलेल्या फ्रान्सिसकाकांनी शांतीची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. नरहरी मात्र हिशेबी माणूस. त्यांनी चक्र हळूच पाठीमागे लपवलं.

"सांगा ना, कोण गेलं?" आत्याला रडू फुटायला लागलं. "आणि मला कोणी कळवलं कसं नाही? मी काय मेले होते?"

"होय!" पन्नास माणसं एकदम म्हणाली.

पुढची पाच मिनिटं कोण काय बोललं ते कोणालाच सांगता येणार नाही. शेवटी सगळा उलगडा झाला तेव्हा सगळ्यांच्या नजरा जेम्सवर. बिचाऱ्याला घाम फुटला होता.

"तूच म्हणायचीस ना आत्या, ते गाणं वाजलं की सालोमी निघाली!"

"अरे मेल्या, निघाली म्हणजे वर! वर निघाली!" आत्याने झारा आकाशाकडे केला. तेलाचे थेंब फ्रान्सिसकाकांवर उडाले.

"मला वाटलं, नाचायला."

अंगणात खसखस पिकली. व्हॅलेरियनबाबा मात्र हसले नाहीत. त्यांची हॅट परत डोक्यावर गेली होती. "चल अँजेलिना," ते म्हणाले. "मयतीचं गाणं ज्याला कळत नाही त्याला आमचा बँड काय कळणार?"

फ्लॉसीचा चेहरा उतरला. तीन स्थळं गेली होती, चौथं फाटकापर्यंत पोचलं होतं.

आणि या सगळ्या गोंधळात टेप बंद करायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं! गाणं संपत आलं. शेवटचा ढोल पडला, धप्‌. भोंग्यातून क्षणभर नुसती शांतता आली. आणि मग एक कोवळा, खणखणीत आवाज:

"वन्स मोल! वन्स मोल!"

त्यामागोमाग एक थप्पड. भोकाड. क्लॅरिनेटमधून फुसकन निघालेलं हसू. मग सगळ्या बँडचं हसू. मग एका माणसाचा संतापलेला आवाज, "माझा बाप गेलाय आणि तुम्ही हसताय?" आणि धावपळ.

व्हॅलेरियनबाबा फाटकात खांबासारखे उभे राहिले.

"हाच!" ते पुटपुटले. मग ओरडले, "हाच तो! जॉनबाबांच्या मयतीला हाच ओरडला! मला हसू आवरलं नाही, मग सगळ्यांना आवरलं नाही. फादरांनी मयतीला बँड बंद केला. आणि मयतीत हसणाऱ्या बँडला लग्नाला तरी कोण बोलावणार? अख्खा बँड मोडला एका कार्ट्यापायी! कोणाचं होतं ते कार्टं? आज इथे सगळं गाव आहे. सांगा!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. जेम्सला ती थप्पड सव्वीस वर्षांनी पुन्हा गालावर लागली. त्याला एकदम सगळं आठवलं, मेणबत्त्या, फुलांची गाडी, गाडीतली पेटी. म्हणूनच नवरानवरी दिसली नव्हती! त्याने आत्याकडे हात जोडून पाहिलं. गप्प राहा, आत्या!

पण आत्याचा चेहरा कौतुकाने फुलला होता.

"कोणाचं म्हणजे? आमच्या जेम्सचा आवाज तो!" ती म्हणाली. "तेव्हा त्याला र म्हणता येत नव्हता. भुसावळच्या रेल्वे थेटरात शिकून आला होता, गाणं आवडलं की असं ओरडायचं म्हणून. थप्पड मीच मारली. कसा स्पष्ट आलाय गो आवाज!"

झालं! जेम्सने डोळे मिटून घेतले. मस्कतचा टेपरेकॉर्डर डोक्यात पडला तरी चालेल असं त्याला वाटलं. व्हॅलेरियनबाबांची पावलं जवळ येताना ऐकू आली.

"का ओरडलास?"

"आवडलं म्हणून," जेम्स कसाबसा म्हणाला. "तुमची क्लॅरिनेट वर गेली ना, तिथे मला काहीतरीच झालं. संपूच नये असं वाटलं. अजून तसंच वाटतं. मी तर हे आपल्या... म्हणजे माझ्या लग्नात वाजवणार होतो."

मग अँजेलिनाच बोलली. "अहो, दर रविवारी क्लॅरिनेट पुसताना तुम्हीच म्हणता ना? एवढी वर्षं वाजवली, पण मयतीच्या गाण्याला कोणी परत वाजवा म्हणत नाही."

"म्हणतो," व्हॅलेरियनबाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"मग एकाने म्हटलं, तर त्याला शोधत फिरताय!"

व्हॅलेरियनबाबांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं. मग आंब्याखालच्या बाकावर बसले आणि भोंग्याकडे बोट दाखवलं.

"लाव परत."

"आं?"

"वन्स मोअर म्हणतोय! कानांत काय मैदा गेलाय? पहिल्यापासून लाव!"

मयतीला जमलेल्या त्या गावाने मग मयतीचं गाणं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. सगळ्यांना फुगे आणि चहा मिळाला, पदराखालची मिठाईही निघाली. जेम्सने चहा आवाज न करता प्यायला. क्लॅरिनेट वर चढली तेव्हा व्हॅलेरियनबाबांनी डोळे मिटले, आणि जेम्सने पाहिलं, त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती. त्याला त्या क्षणी ते इतके आवडले की फ्लॉसी नसती तरी त्याने त्यांचा जावई व्हायला होकार दिला असता.

"पोरगं अर्धवट आहे," गाणं संपल्यावर ते फ्लॉसीला म्हणाले. "पण कान चांगला आहे. ठरवून टाकू."

"एका अटीवर," फ्लॉसी म्हणाली. "हे गाणं माझ्या लग्नात वाजलं, तर मी निघाले म्हणून समजा. आणि नाचायला नाही!"

नरहरींना तेवढ्यात पाठीमागचं चक्र आठवलं. "आता हे परत कसं नेऊ?" त्यांनी विचारलं.

"परत कशाला? माझंच आहे ना!" आत्याने ते काढून घेतलं आणि गळ्यात घालून पायरीवर बसली. एक फूल चिमटीत धरून तिने निरखून पाहिलं. "नरहरी, हे सुकलेलं आहे."

"मयतीला चालतं," नरहरी म्हणाले.

लोक पांगले. जेम्स टेपरेकॉर्डर उचलून मेरीबायकडे निघाला तसं आत्याने त्याला हाक मारली.

"जेम्स, ती कॅसेट जपून ठेव हं. माझ्या वेळेला हेच गाणं लाव."

"लावीन, आत्या."

"एवढीच माणसं यायला हवीत. नाहीतर म्हणतील, आम्ही एकदा येऊन गेलो."

"येतील, आत्या. मी सांगेन सगळ्यांना."

"आणि गाणं संपल्यावर तोंड मिटून उभा राहा," आत्या झारा रोखून म्हणाली. "परत वन्स मोअर ओरडलास, तर तेवढ्यासाठी उठून थप्पड मारीन!"